वरचे अन्न सुरू करताना : 'किती' पेक्षा 'काय' महत्त्वाचे

आमच्या मुलीला वरचे अन्न सुरू करण्याची वेळ जवळ आली, तेव्हा घरात सर्वाधिक चर्चा झाली ती 'किती' या एका प्रश्नाची. किती चमचे भरवायचे, दिवसातून किती वेळा भरवायचे, आणि वाटीत उरले तर त्याचा अर्थ काय लावायचा, याभोवतीच सगळे बोलणे फिरत होते. वाचन करून, डॉक्टरांशी बोलून आणि प्रत्यक्ष भरवून पाहिल्यानंतर माझे मत असे झाले आहे की सुरुवातीच्या काळात हा प्रश्न बराचसा गौण आहे, आणि त्या चमच्यात काय आहे व ते किती दाट आहे, हे त्याहून कितीतरी अधिक महत्त्वाचे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार स्तनपान चालू असलेल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला सरासरी सुमारे २०० किलोकॅलरी मिळणे अपेक्षित असते. नऊ ते अकरा महिन्यांत हा आकडा सुमारे ३०० होतो आणि दुसऱ्या वर्षात सुमारे ५५० पर्यंत जातो. म्हणजेच सातव्या-आठव्या महिन्यात बाळाची बहुतेक ऊर्जा अजूनही दुधातूनच येत असते. पहिल्या आठवड्यात बाळाने दोन-तीन चमचे खाऊन तोंड फिरवले, तर ते उपाशी राहिले असे समजण्याचे कारण नाही. त्या दोन-तीन चमच्यांत ते जीभ मागे नेणे, घास तोंडात फिरवणे आणि गिळणे या दूध पिण्याहून निराळ्या क्रिया शिकत असते.

येथवर सगळे दिलासा देणारे आहे. मात्र याच दिलाशातून 'पहिल्या वर्षातले खाणे केवळ गंमत म्हणून असते' असे एक वाक्य तयार झाले आहे, आणि ते मला मुळीच मान्य नाही. ऊर्जेच्या बाबतीत ते सुरुवातीला काहीसे खरे असले, तरी लोहाच्या बाबतीत ते चुकीचे आहे. गर्भावस्थेच्या शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या शरीरात लोहाचा साठा जमा होतो आणि पूर्ण दिवस भरलेल्या बाळाला तो साधारणपणे सहा महिने पुरतो. आईच्या दुधातील लोह चांगले शोषले जाते, पण त्याचे प्रमाण लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी असते. या काळात बाळाचे वजन आणि रक्ताचे प्रमाण मात्र वेगाने वाढत असते. अमेरिकेतील शिफारशींनुसार सात ते बारा महिन्यांच्या बाळाला रोज ११ मिलिग्रॅम लोह लागते, तर प्रौढ पुरुषासाठी ही शिफारस ८ मिलिग्रॅम आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिल्यावर मी आमच्या पहिल्या पदार्थांची यादी पुन्हा लिहून काढली. गाजर, भोपळा, सफरचंद आणि केळे यांना त्या यादीत जागा होतीच, परंतु केवळ फळे आणि भाज्या यांच्या लगद्यावर कित्येक आठवडे काढणे योग्य नाही, हे स्पष्ट झाले.

लोह मिळवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे मऊ शिजवून बारीक केलेले मांस. जे मांसाहार करत नाहीत, त्यांना डाळी, कडधान्ये आणि लोहयुक्त केलेली धान्यांची तयार पिठे यांवर भर द्यावा लागतो. वनस्पतिजन्य लोह तुलनेने कमी शोषले जाते, परंतु त्याच जेवणात क जीवनसत्त्व असलेले फळ किंवा टोमॅटो असला, तर शोषण वाढते. चहामुळे ते घटते, आणि बाळाला चहा देण्याचे तसेही काही कारण नाही. मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळांचा साठा मुळातच कमी असतो. त्यांच्यासाठी लोहाचे थेंब केव्हा आणि किती द्यायचे, हे डॉक्टरांनीच ठरवायला हवे.

केव्हा सुरू करावे, याविषयी थोडक्यात सांगतो. जागतिक आरोग्य संघटना सहा महिने पूर्ण झाल्यावर सुरू करण्यास सांगते आणि चार महिन्यांपूर्वी सुरू करू नये, याबद्दल तज्ज्ञांत मतभेद नाही. वयाच्या जोडीला बाळाची तयारीही पाहावी लागते. त्याची मान स्थिर असावी, आधाराने बसता यावे आणि ओठांशी आलेला चमचा जिभेने आपोआप बाहेर ढकलला जाण्याची प्रतिक्रिया ओसरलेली असावी. रात्री वारंवार जाग येणे हे मात्र तयारीचे लक्षण नव्हे. पोटभर खाल्ले की बाळ रात्रभर झोपेल, या आशेने लवकर सुरुवात करणाऱ्या पालकांची मनःस्थिती मी पूर्णपणे समजू शकतो.

दाटपणाचा मुद्दा मला वाटतो तितका बोलला जात नाही. बाळाचे जठर एका वेळी शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० मिलिलिटर एवढेच सामावून घेते, म्हणजे सात किलोच्या बाळासाठी जेमतेम २०० मिलिलिटर. एवढ्या जागेत पाण्यासारखी पातळ पेज भरली, तर पोट भरते, पण पोषण फारसे मिळत नाही, आणि त्यावर दूधही कमी प्यायले जाते. त्यामुळे चमचा तिरका केला तरी लगेच ओघळणार नाही, इतपत दाट अन्न असावे. ते सैल करायचेच असेल, तर साध्या पाण्याऐवजी आईचे दूध घालता येते, आणि थोडे तूप, तेल किंवा लोणी घातल्याने त्याच घासातली ऊर्जा वाढते.

दाट किंवा गुठळ्या असलेले अन्न देताना सर्वांनाच ठसक्याची भीती वाटते. येथे दोन गोष्टींतला फरक ओळखता यायला हवा. घास जिभेवर थोडा मागे गेला की बाळाला उबळ येते, ते आवाज करते, चेहरा लाल होतो आणि घास पुढे ढकलला जातो. लहान बाळात ही प्रतिक्रिया जिभेच्या बऱ्याच पुढच्या भागावरून सुरू होत असल्यामुळे ती वारंवार दिसते आणि तिचे काम संरक्षणाचेच असते. याउलट श्वासनलिका खरोखर बंद झाली, तर बाळाचा आवाज येत नाही, खोकता येत नाही आणि ओठ निळसर पडू लागतात. त्या वेळी काय करायचे, याचे प्रथमोपचार प्रशिक्षण वरचे अन्न सुरू करण्याआधीच घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. अख्खी द्राक्षे, अख्खे शेंगदाणे व सुकामेवा, लाह्या आणि कच्च्या गाजराचे तुकडे देऊ नयेत. द्राक्ष द्यायचे तर ते उभे चिरूनच द्यावे, आणि खाताना बाळ बसलेले व कोणाच्या तरी नजरेसमोर असावे.

ॲलर्जीसंबंधीचा सल्ला तर एका पिढीच्या आत उलटला आहे. २००० साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना अंडे दोन वर्षांपर्यंत आणि शेंगदाणे तीन वर्षांपर्यंत देऊ नयेत असे सांगितले होते. पुरेसा आधार न मिळाल्याने २००८ साली तो सल्ला मागे घेण्यात आला. नंतर २०१५ साली लंडनमधील संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली चार ते अकरा महिन्यांची ६४० बाळे होती. त्वचाचाचणीत सुरुवातीला शेंगदाण्याची प्रतिक्रिया न दिसलेल्या मुलांपैकी, ज्यांना शेंगदाणे पाच वर्षांपर्यंत टाळायला सांगितले होते, त्यांच्यात १३.७ टक्के मुलांना ॲलर्जी झाली. ज्यांना ते नियमित दिले गेले, त्यांच्यात हे प्रमाण १.९ टक्के होते. घरातील मोठी माणसे जुना सल्ला देतात, तेव्हा त्यांच्या काळी डॉक्टरही तेच सांगत होते, हे लक्षात ठेवलेले बरे. शेंगदाणे अर्थातच गुळगुळीत वाटून आणि अन्नात पातळ मिसळून द्यावेत. बाळाला तीव्र इसब असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

काही गोष्टी मात्र खरोखरच टाळायच्या आहेत. एक वर्षाआधी मध देऊ नये, कारण त्यात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करू शकतात. शिजवल्याने हे बीजाणू सहसा नष्ट होत नाहीत. मीठ आणि साखर वरून घालू नये. आपल्याला बेचव लागते म्हणून बाळालाही ते बेचव लागत असेल, हा आपला समज आहे.

नावडीविषयीचा माझा धीर वाढला तो वाचनामुळे. नव्या चवीला बाळ तोंड वाकडे करते, पण तोच पदार्थ निरनिराळ्या दिवशी आठ-दहा वेळा समोर आला, की पुष्कळ मुले तो खाऊ लागतात. अमेरिकेतील डॉक्टर क्लारा डेव्हिस यांनी १९२० आणि १९३० च्या दशकांत नुकतेच अंगावरचे पिणे सुटलेल्या बाळांसमोर साधे, साखर न घातलेले पदार्थ मांडून त्यांना हवे ते व हवे तेवढे खाऊ दिले. एकेका दिवसाचे खाणे विचित्र दिसले, तरी मुलांची वाढ उत्तम झाली. त्यांतले मुडदूस झालेले एक बाळ बरे होईपर्यंत कॉड माशाच्या यकृताचे तेल आपणहून पीत असे. पदार्थांची निवड मोठ्यांनी केली होती, हेच त्या प्रयोगाचे मर्म असल्याचे स्वतः डेव्हिस यांनीही मान्य केले होते. आम्ही तोच नियम ठेवला आहे : काय आणि केव्हा द्यायचे ते आम्ही ठरवतो, किती खायचे ते ती ठरवते. तिने तोंड फिरवले की जेवण संपले. पडद्यावर काहीतरी दाखवून घास सरकवणे आम्ही करत नाही, कारण त्यात पोट भरल्याची जाणीवच हरवते.

आता ती नवव्या महिन्याकडे निघाली आहे आणि आम्ही मिक्सर वापरणे जवळजवळ बंद केले आहे. नऊ-दहा महिन्यांपर्यंत ज्या मुलांना गुठळ्या असलेले अन्न मिळत नाही, त्यांच्यात पुढे खाण्याच्या तक्रारी अधिक आढळल्याचे अभ्यासांत दिसले आहे. त्यामुळे सध्या डाळ काट्याने दाबून, बटाटा हाताने कुस्करून आणि मऊ शिजलेल्या भाजीच्या फोडी तिच्या हातात देऊन आमचे काम चालते. लंगोटात केळ्याचे बारीक काळे धागे दिसले, तर घाबरू नये, एवढे नव्या पालकांना आवर्जून सांगतो; आम्ही त्यासाठी भल्या पहाटे डॉक्टरांना फोन करणार होतो.