स्लेट्टेट म्हटलं म्हणजे गेलं असं नाही

नॉर्वेचा डेटा ज्यांच्या हातात येतो त्यांना स्लेट्टेट हा शब्द लगेच भेटतो, म्हणजे डिलीट केलेलं. स्लेट म्हणजे सपाट, त्यावरून स्लेट्टे हे क्रियापद. एक फाइल असेल तर स्लेट्टेट, अनेक असतील तर स्लेट्टेडे, त्यामुळे आउटलुक नॉर्वेजियनमधे लावलं की डिलीट केलेल्या मेलच्या फोल्डरचं नाव स्लेट्टेडे एलेमेंटर दिसतं, आणि नीनोर्स्कमधे, म्हणजे नॉर्वेजियनच्या दुसऱ्या लेखी रूपात, लिहिणारे स्लेट्टा लिहितात, म्हणजे सर्च लावताना एकच स्पेलिंग धरून चालतच नाही.

मला मनापासून आवडतो तो कंपनी रजिस्टरमधला वापर. ब्रनॉयसुंड नावाचं एक छोटं गाव आहे नॉर्वेच्या किनाऱ्यावर, तिथल्या सरकारी ऑफिसकडे देशभरातल्या कंपन्यांच्या नोंदी असतात आणि त्यातली बरीच माहिती एपीआयमधून, म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडून डेटा मागायच्या सोयीतून, फुकट मिळते. कंपनी बंद झाली की ती स्लेट्टेट, पण तिचा नऊ आकडी नोंदणी नंबर टाकून बघा, रेकॉर्ड समोर येतं आणि त्यात स्लेट्टेडातो असं फील्ड असतं, म्हणजे रजिस्टरमधून काढल्याची तारीख. किती बरोबर आहे हे! पाच वर्षांपूर्वीच्या बिलावरची कंपनी कोण होती हे शोधायला कोणाला तरी लागणारच ना.

माणसाचं मात्र तसं नाही. तिथे 2010 मधे स्लेटमै नावाची सेवा सुरू झाली, नावाचा अर्थच 'मला डिलीट करा', नेटवरचे आपले फोटो, माहिती काढायला लोकांना मदत करणारी. मग जुलै 2018 पासून नॉर्वेमधे जीडीपीआर, म्हणजे युरोपचा खाजगी माहिती जपण्याचा कायदा, लागू झाला आणि कलम 17 ने माहिती पुसून मागायचा हक्क दिला. इथे नुसती तारीख टाकून भागत नाही. आणि डिस्कवर तर अजून वेगळंच, फॅट या डिस्कवर फाइली ठेवायच्या जुन्या पद्धतीत फाइल डिलीट केली की नावाचं पहिलं अक्षर बदलतं आणि जागा मोकळी धरली जाते, आतला मजकूर त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तसाच पडून असतो.

म्हणून आमच्या डेटाबेसच्या टेबलमधे मी दोन वेगळे कॉलम करायला लावले, एक रजिस्टरमधून काढल्याची तारीख, दुसरा माणसाची माहिती पुसल्याची तारीख, आणि दुसऱ्यात तारीख पडलेली असेल तर नाव, पत्ता, फोन रिकामेच पाहिजेत आणि बॅकअप रिस्टोअर केल्यावरही ते परत यायला नकोत, रिव्ह्यूला मी सगळ्यात आधी हेच बघते.