याकोबाच्या शेळ्या आणि एएस पॅटर्न

हा प्रश्न मला दोन्हीकडून येतो. स्टाफरूममध्ये सहकारी विचारतात, "मॅडम, तुम्ही दर रविवारी चर्चला जाणाऱ्या. मग उत्क्रांती आणि आनुवंशिकता शिकवताना अडत नाही?" आणि उपासना सुटल्यावर मंडळीतलं कोणीतरी विचारतं, "मुलांना पेशी शिकवता, तर निर्माणकर्त्याची साक्ष देता की नाही?" आजवर दोघांनाही हसून टाळत आले, कारण उभ्या उभ्या देण्यासारखं ते उत्तर नाही. परवा तुम्ही पुन्हा विचारलंत, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

नंदुरबार जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत मी नववी-दहावीला विज्ञान आणि अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. बाकांवर याहा मोगीला, इथल्या आदिवासींच्या देवीला, पुजणाऱ्या घरची मुलं असतात, प्रार्थनेला जाणारी असतात, गणपती बसवणारी असतात. वर्गात मी साक्ष देत नाही. राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमाने घातलेली मर्यादा आहेच, पण ती नसती तरी दिली नसती. ज्यांचे मार्क माझ्या हातात आहेत त्यांना माझा देव सांगत बसणं, याला मी दडपण म्हणते.

मंडळीतल्यांचं समाधान एवढ्याने होत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर दर काही महिन्यांनी लॅमिनिन येतं. लॅमिनिन हे आपल्या पेशींना खालच्या पातळ अस्तराला धरून ठेवणारं प्रथिन. पुस्तकातल्या आकृतीत ते क्रुसासारखं दिसतं, त्याचा फोटो, खाली कलस्सैकरांस पत्रातलं 'सर्व काही त्याच्यामुळे टिकून आहे' अशा अर्थाचं वचन, आणि शेवटी 'विज्ञान शिक्षकांना पाठवा'. मला ते हमखास पाठवलं जातं. आकृती खोटी नाही. पण हेच प्रथिन बनवणाऱ्या एका जनुकात बिघाड असला तर मूल जन्मतःच स्नायूंनी दुबळं असतं. मान सावरत नाही, आधाराशिवाय चालणं बहुतेकांना जमत नाही. क्रुसाचा आकार हा पुरावा मानला, तर त्या मुलाच्या आईला काय सांगायचं? तिच्या बाळाच्या पेशीत क्रूस नीट बसला नाही म्हणून? असल्या पुराव्यांवर उभा राहणारा विश्वास मला नको.

पेशी शिकवण्यातलं खरं सुख प्रात्यक्षिकात आहे. कांदा पाण्याच्या ग्लासावर असा ठेवायचा की बूड पाण्याला जेमतेम टेकेल. दोन-तीन दिवसांत पांढरी मुळं सुटतात. सकाळच्या वेळी त्यांची टोकं कापायची, काचपट्टीवर अ‍ॅसिटोकार्मिन आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबात ठेवून हलकी शेक द्यायची, कव्हरस्लिप ठेवून वरून टिपकागद आणि त्यावर अंगठा. अंगठा सरकला की सगळं वाया. नीट दाबलं तर एखाद्या पेशीत लाल दोऱ्याच्या तुकड्यांसारखी गुणसूत्रं दिसतात. कांद्याची सोळा. काही पेशींत ती मधोमध रांगेत उभी असतात, काहींत दोन टोकांकडे ओढली जात असतात. आमच्या सूक्ष्मदर्शकाला आरसा आहे, त्यामुळे खिडकीजवळची जागा मिळवायला भांडणं होतात. एका मुलीने डोळा न काढता विचारलं होतं, "मॅडम, हे आत्ता माझ्या अंगात पण चाललंय?" हो म्हटलं. पुढे काही बोलले नाही. स्तोत्रकर्त्याला आईच्या उदरातल्या आपल्या घडणीबद्दल जे वाटलं ते मला त्या क्षणी वाटतं, पण ते माझं माझ्यापाशी. तिला तिचा क्षण पुरा मिळू दे.

विश्वास आणि आनुवंशिकता एकाच टेबलावर येतात ते संडेस्कूलमध्ये. मोठ्या मुलांचा वर्ग माझ्याकडे असतो. बायबलातल्या उत्पत्तीच्या तिसाव्या अध्यायात याकोब, सासरा लाबान याचे कळप राखणारा, झाडांच्या हिरव्या छड्या घेतो, त्यांवर पांढरे पट्टे निघतील अशा सोलतो आणि शेळ्यामेंढ्यांच्या पाण्याच्या डोणीत ठेवतो. त्यांच्यासमोर जनावरं फळतात आणि ठिपकेदार, पट्टेवाली पिल्लं होतात. आमची मुलं शेळ्या राखणारी. एकाने तोंडावर सांगितलं, "असं काही होत नाही." बरोबर आहे त्याचं. मग आम्ही फळ्यावर चौकट काढली, आईबापांकडून येणारे गुण मांडून पिल्लांत काय उतरू शकतं ते दाखवणारी. ठिपके अप्रभावी आहेत, म्हणजे दोन्हीकडून आले तरच दिसतात, असं धरलं, तर लाबानाने ठिपकेवाली जनावरं वेगळी काढली तरी उरलेल्या एकरंगी कळपात तो गुण दडून राहणारच आणि पुढच्या पिढीत वर येणारच. शेळीच्या रंगाचं गणित खरं तर याहून गुंतागुंतीचं असतं, तेही सांगितलं. गंमत म्हणजे एकतिसाव्या अध्यायात याकोब आपल्या स्वप्नाची गोष्ट सांगतो, तेव्हा छड्यांचं नावही घेत नाही. कळपावर उडणारे एडके-बोकड ठिपकेदार होते, एवढंच त्याला दाखवलेलं असतं.

गर्भारपणी डोळ्यांसमोर जे येतं ते पोटातल्या बाळात उतरतं, हा समज फक्त याकोबाच्या काळचा नाही. आपल्याकडे ग्रहणात सुरी हातात घेतली म्हणून फाटलेल्या ओठाचं मूल झालं, असं आजही म्हणतात. खापर नेहमी आईच्या डोक्यावर. मुलगी झाली तरी तिच्याच, तिच्याकडे वाय गुणसूत्र असतच नाही हे नववीच्या मुलालासुद्धा कळतं तरीही.

यापेक्षा मोठं खापर आमच्या भागात सिकलसेलचं. पुस्तकातलं नाव दात्रपेशी पांडुरोग, पण गावात सगळे सिकलसेलच म्हणतात. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, इतका लहान फरक. ऑक्सिजन कमी झाला की त्या पेशी विळ्याच्या आकारात वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मूल हाडांच्या दुखण्याने तळमळतं. आईकडून एक आणि बापाकडून एक असा दोन्हीकडून बिघाड आला तर एसएस पॅटर्न, म्हणजे रुग्ण. एकाच बाजूने आला तर एएस, म्हणजे वाहक, आणि वाहकाला बहुधा काहीच त्रास नसतो. तपासणीची कार्डं मुलांच्या घरी असतात, त्यामुळे हा धडा शिकवताना वर्गात एकदम शांतता असते.

गावात अशा घराबद्दल डाकिणीची कुजबुज होते आणि एखाद्या म्हातारीच्या जिवावर बेतू शकतं. आमच्यातले काही फिरते प्रचारक वेगळं काही सांगत नाहीत, फक्त शब्द बदलतात. त्यांच्या तोंडी 'पिढीजात शाप' असतो. आजोबा भगत, म्हणजे गावचे मांत्रिक-वैदू, होते, मूर्ती पुजत होते, म्हणून नातवाच्या हाडांत वेदना. आधाराला बायबलच्या निर्गम पुस्तकातलं, बापांच्या पापाचं फळ तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत मुलांना भोगावं लागतं, हे वचन. मग शाप तोडायची प्रार्थना. माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरी अशा प्रार्थनेनंतर सिकलसेलवरच्या हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या बंद झाल्या, कारण गोळी घेणं म्हणजे अविश्वास. पुढच्या थंडीत त्याला दवाखान्यात न्यावं लागलं.

मी ख्रिस्ती म्हणून आनुवंशिकता कशी शिकवते असं विचारत असाल, तर ती इथे शिकवते. बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, ही म्हण इस्राएलात पुन्हा कोणी काढायची नाही, असं यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायात देव बजावतो. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे बोट दाखवून विचारतात, पाप याचं की याच्या आईबापांचं? येशू दोघांनाही मोकळं करतो. मी त्या घरी गेले, हे दोन उतारे वाचले आणि मग वहीच्या कागदावर चार घरांची चौकट काढली. बापाचा एएस, आईचा एएस. आजोबांच्या पूजेला त्यात घरच नाही. बाप बराच वेळ कागद बघत राहिला, मग म्हणाला, "म्हणजे दोघांकडून आलं." गोळ्या परत सुरू झाल्या. प्रार्थनाही चालू आहे, माझीसुद्धा.

उत्क्रांतीचं म्हणाल तर तीही याच कार्डात आहे. एवढा त्रासदायक बिघाड पिढ्यानपिढ्या टिकला कसा? एएस माणूस मलेरियात तगण्याची शक्यता जास्त असते. अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या निरीक्षणांवरून हे दाखवलं. जिथे मलेरिया माजला तिथे हा बिघाड निवडला गेला. दहावीला मी नैसर्गिक निवड शिकवते ती डार्विनच्या फिंच पक्ष्यांआधी इथून, कारण डास आमच्याकडे आहेत आणि फिंच नाहीत. २०२३ मध्ये केंद्राच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती वगळल्याची बातमी आली तेव्हा मंडळीतले दोघेचौघे खूश झाले होते. मी नव्हते. आमच्या राज्याच्या पुस्तकात तो पहिलाच धडा आहे आणि मी तो पूर्ण शिकवते.

"पण मेंडेल तर आपलाच, धर्मगुरू होता," हे वाक्य मग येतंच. आनुवंशिकतेचे नियम मांडणारा मेंडेल धर्मगुरू होता, खरं आहे. ब्रनोच्या ऑगस्टिनियन मठात १८५६ ते १८६३ अशी वर्षं त्याने वाटाणे लावले, शिक्षकाची परीक्षा त्याला पास होता आली नाही, आणि १८६६ मध्ये छापलेल्या निबंधाची दखल जगाने १९०० मध्ये घेतली. पण त्या निबंधात देवाचा पुरावा शोधू नका. तिथे ५४७४ गोल दाणे आहेत आणि १८५० सुरकुतलेले. नास्तिकाने मोजले तरी साधारण तीनास एक हेच प्रमाण येणार. (पुढे १९३६ मध्ये रोनाल्ड फिशर यांनी मेंडेलचे आकडे संशय यावा इतके चपखल आहेत अशी शंका काढली, तेही मी बारावीला सांगते. मठातला माणूस म्हणून सवलत नाही.)

सध्या आमचे पाळक लग्नाची नोटीस घेताना दोघांचं सिकलसेल कार्ड मागतात. त्यावर कुरकुर झालीच, देवाने जोडलेलं कार्डाने तोडायचं का म्हणून. मी कोणाचं लग्न मोडायला सांगत नाही. दोघेही एएस असतील तर दर गर्भारपणात मूल एसएस असण्याची शक्यता २५ टक्के, आणि ती प्रत्येक खेपेला नव्याने, एवढं त्यांना आधी कळायला हवं. पहिलं मूल आजारी झालं म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशोब नसतो. पोटातल्या बाळाची तपासणी करता येते हेही सांगते, आणि मग पुढचं काय, हा प्रश्न येतो. तिथे माझं मत गर्भाच्या बाजूचं आहे, ते विचारलं तरच सांगते आणि ते माझं मत आहे हेही सांगते. मुलगी एकटीच विचारायला आली तर मात्र आधी चौकट काढत नाही. जिच्याशी लग्न ठरलंय त्या मुलालाही घेऊन ये म्हणते.