तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रकवर केवढा डेक?

नोव्हेंबरात डोंगरांवर बर्फ धरायला लागला की कॅनडातल्या कॅलगरी शहरातल्या आपल्या मंडळींचे मला फोन सुरू होतात. बहुतेक जण तिशी-पस्तिशीतले, नुकतीच पहिली स्नोमोबाइल घेतलेले. प्रश्न ठरलेला. "ताई, माझ्या ट्रकचा हौदा साडेपाच फुटी आहे, दोन स्लेड न्यायच्यात. डेक केवढा घेऊ?" स्नोमोबाइल म्हणजे पुढे दोन स्की आणि मागे फिरणारा रबरी पट्टा असलेली बर्फावरची गाडी. तिला इथे सगळे स्लेडच म्हणतात, आणि ट्रक म्हणजे पिकअप. हौद्याच्या कडांवर बसणारा ॲल्युमिनियमचा सपाट मंच म्हणजे डेक. त्याच्या पोटात सरकणारा रॅम्प असतो आणि वर दोन स्लेड शेजारी-शेजारी उभ्या राहतात. मी उलट विचारते, "दारावरचं स्टिकर वाचलंस का?" आणि बोलणं तिथेच अडतं. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

डेकचं माप फुटांत विचारलं जातं, पण ते ठरतं किलोंमध्ये. ड्रायव्हरचं दार उघडा. खांबावर टायरच्या हवेचे आकडे दिलेलं एक छोटं स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून किती वजनाच्या वर जायचं नाही, तेही त्यावरच लिहिलेलं असतं. तोच तुमचा पेलोड. तो आकडा तुमच्या त्याच ट्रकचा असतो, मॉडेलचा नव्हे. काचेचं छप्पर, मोठी चाकं, चामड्याच्या सीट, जे जे कारखान्यात चढलं ते ते पेलोडमधून कमी झालं. जाहिरातीतला मोठा आकडा बहुधा सगळ्यात साध्या, सगळ्यात हलक्या ट्रकचा असतो.

आता हिशोब मांडू. दोन स्लेडचा ॲल्युमिनियमचा डेक रॅम्पसकट साधारण २०० किलो धरा. डोंगरात चालवायची ८५० सीसीची टू-स्ट्रोक स्लेड कोरडी २०० ते २२० किलोंची असते. टाकीत पेट्रोल, ऑइल, वर बांधलेली बॅग आणि परत येताना पट्ट्यावरच्या पत्र्याच्या पोकळीत गच्च बसलेला बर्फ हे सगळं धरलं की २५० किलो सहज होतात. दोन स्लेडचे ५००. डेकसकट ७००. चार दारांच्या, फोर-व्हील-ड्राइव्ह हाफ टन (हे पिकअपच्या सगळ्यात हलक्या वर्गाचं नुसतं नाव, वजन नव्हे) ट्रकच्या स्टिकरवर बहुधा ६५० ते ८०० किलोंच्या मधला आकडा सापडतो. म्हणजे अजून ड्रायव्हर बसायचाय, मित्र बसायचेत, हेल्मेट, फावडी, हिमस्खलनात फुगवायच्या बॅगा, पेट्रोलचे कॅन, जेवणाचे डबे चढायचेत, आणि ट्रक आधीच भरलाय.

इथे दोन उत्तरं मला नेहमी ऐकायला मिळतात. पहिलं, "पण माझा ट्रक साडेचार टन ओढतो!" ओढतो, हे खरं. मागे चाकांवर चालणारं वजन ओढणं वेगळं आणि तेवढंच वजन पाठीवर घेणं वेगळं. डेकवरचा प्रत्येक किलो तुमच्या मागच्या आसावर, मागच्या टायरवर आणि ब्रेकवर येतो. दुसरं उत्तर, "एअरबॅग लावून घेतो." स्प्रिंगांजवळ हवेच्या पिशव्या बसवल्या की खाली बसलेली मागची बाजू उचलली जाते, ट्रक सरळ दिसतो. पण आस तोच, टायर तेच, ब्रेक तेच, स्टिकरवरचा आकडाही तोच. हा उपाय मला धोकादायक वाटतो, कारण ट्रक जे आपल्याला डोळ्यांनी सांगत होता तेच त्याने झाकलं जातं.

हे सगळं मी इतक्या कळकळीने सांगते ते रस्त्यामुळे. कॅलगरीहून आपण जातो गोल्डनला, सुमारे २६० किलोमीटर, किंवा रेव्हलस्टोकला, ४०० किलोमीटरच्या आसपास. रस्ता ट्रान्स-कॅनडा हायवेचा. शहराबाहेर पडताच मोकळ्या मैदानावर डोंगरांवरून उतरणाऱ्या शिनूक वाऱ्याचे आडवे फटके बसतात, पुढे किकिंग हॉर्स नदीची दरी, मग १,३३० मीटरवरचा रॉजर्स पास हा घाट. या घाटात हिमस्खलन मुद्दाम घडवायला लष्कराच्या तोफा लावतात आणि तोवर रस्ता बंद ठेवतात. तो उघडला की ट्रेलरवाल्या मोठ्या ट्रकांच्या रांगेत, अंधारात, बर्फाळ उतारावर आपण असतो. दोन स्लेड जमिनीपासून पाच फूट उंचीवर उभ्या केल्या की गुरुत्वमध्य वर जातो आणि वाऱ्याला आडवं अंग मिळतं. त्यात पेलोड ओलांडलेला असेल आणि मागे लोंबणारं वजन पुढची चाकं हलकी करत असेल, तर वळणावर स्टिअरिंग फिरतं आणि ट्रक सरळच जायला बघतो.

स्टिकरने परवानगी दिली, की मग टेप काढा.

लांबीचं कोडं असं. १६५ इंची पट्ट्याची (हे पट्ट्याच्या पूर्ण वेढ्याचं माप) स्लेड स्कीच्या टोकापासून मागच्या फ्लॅपपर्यंत अकरा फुटांच्या पुढे जाते. डेक केबिनच्या मागच्या काचेपाशी सुरू होतो, त्यामुळे पुढे सरकायला जागा नाही. जे वाढायचं ते मागेच. आठ फुटी हौद्यावर आठ फुटी डेक टेलगेटच्या, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेच्या रेषेत संपतो. तोच डेक साडेपाच फुटी हौद्यावर अडीच फूट बाहेर येतो आणि स्लेडचं शेपूट त्याच्याही बाहेर. शेपूट बाहेर राहिलं तर हरकत नाही, पट्ट्याचा जमिनीला टेकणारा भाग मात्र पूर्णपणे डेकवर हवा. म्हणून आपल्या स्लेडचं एकच माप घ्या, स्कीच्या टोकापासून पट्टा जिथे शेवटचा टेकतो तिथपर्यंत. कॅटलॉगमधल्या एकूण लांबीपेक्षा हे माप जास्त कामाचं. एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. स्लेडचं इंजिन पुढे असतं, त्यामुळे स्की केबिनकडे करून चढवली की बरंचसं वजन मागच्या आसाच्या आसपास किंवा पुढे येतं. म्हणून आखूड हौद्यावर स्लेड अगदी पुढेपर्यंत चढवा. "काचेला लागेल" या भीतीने हातभर मागे ठेवतात, ते करू नका. डेकला पुढे आडवा अडसर घ्या आणि त्याला टेकवा. तो अडसर थ्रॉटल जरा जास्त दाबला गेल्यावर मागची काच वाचवायलाही लागतोच.

रुंदीत मात्र तुम्ही कुठली स्लेड चालवता यावर सगळं आहे. डोंगरी स्लेडच्या दोन्ही स्कींच्या बाहेरच्या कडा मोजल्या तर ४२ ते ४४ इंच भरतात. दोन शेजारी ठेवल्या की ८८ इंचांच्या आत. आखलेल्या ट्रेलवर चालवायच्या स्लेड जास्त फाकलेल्या, सुमारे ४८ इंचांच्या; दोघींना ९६ लागतात आणि तेही स्कीला स्की लावून. अल्बर्टा आणि ब्रिटिश कोलंबियात रस्त्यावर २.६ मीटर, म्हणजे १०२ इंच ही मर्यादा आहे. बरेच डेक बंद असताना ट्रकपेक्षा थोडेच रुंद असतात आणि दोन्ही बाजूंच्या फळ्या ओढल्या की ९६ ते १०२ इंचांपर्यंत जातात. माझं मत विचाराल तर दोन डोंगरी स्लेडना ९६ इंच पुरे. १०२ घेतलात तर वजन वाढतं, आरशात मागचा रस्ता दिसेनासा होतो आणि टोइंगचे लांब आरसे लावावे लागतात. ट्रेलवाल्या दोन स्लेड असतील तर मात्र १०२ घ्या, किंवा एक स्लेड वीतभर मागे ठेवून तिची स्की दुसरीच्या अरुंद भागाशेजारी बसवा. दुसरी स्लेड चढवल्यावर तुम्हाला उतरायलाही जागा लागते, हे दुकानात उन्हात उभं राहून लक्षात येत नाही. उणे वीसमध्ये, बर्फाने गुळगुळीत झालेल्या ॲल्युमिनियमवर, जड बूट घालून पाऊल टाकायचं असतं.

उंचीबद्दल थोडक्यात. स्लेडसकट ट्रक नऊ फुटांच्या आसपास जातो. घराचं गॅरेज विसरा, मॉलचं तळघर विसरा, हॉटेलला आधी फोन करून उघडी पार्किंग आहे का विचारा. ट्रक जितका उंच तितका रॅम्पचा चढ तीव्र, त्यामुळे ट्रक उंच करणारं लिफ्ट किट बसवलेल्यांनी लांब रॅम्पच घ्यावा. रॅम्प साखळीने किंवा खिट्टीने डेकला अडकवल्याशिवाय स्लेडला हात लावू नका. मागे फिरणाऱ्या पट्ट्याने सुटा रॅम्प क्षणात निसटतो.

मग हाफ टनवाल्यांनी काय करायचं? एकटे किंवा दोघं जात असाल आणि एकच स्लेड असेल तर डेक चालेल: २०० अधिक २५०, दोन माणसांचे १८०, सामानाला थोडं उरतं. दोन स्लेड आणि चार माणसं असतील तर मी स्पष्टच सांगते, ट्रेलर घ्या. दोन स्लेडचा उघडा ट्रेलर भरून ८०० किलोंच्या आसपास होतो आणि त्यातला दहा-पंधरा टक्के भारच ट्रकवर येतो. ट्रेलरवर स्लेड रस्त्यातल्या मिठाने आणि खडीने माखतात, बर्फ भरलेल्या पार्किंगमध्ये रिव्हर्स घेताना घाम फुटतो, जंगलातल्या अरुंद रस्त्यावर वळवता येत नाही. डेकचं खरं सुख याच जागी आहे आणि ते मला पुरेपूर कळतं. पण ते सुख थ्री-क्वार्टर टन किंवा वन टन या वरच्या, दणकट वर्गांतल्या ट्रकचं आहे. त्यातही डिझेल घेणाऱ्यांनी स्टिकर दोनदा वाचावं. डिझेल इंजिन जड असतं, त्यामुळे त्याच थ्री-क्वार्टर टन मॉडेलचा पेलोड पेट्रोलवाल्यापेक्षा बराच कमी निघू शकतो.

जुना डेक घ्यायचा असेल तर एप्रिल-मे बघा. बर्फ संपला की लोक डेक उतरवतात आणि काहींना तो अंगणात उभा ठेवायला जागा नसते. तेव्हा किंमत बरी पडते. तो कुठल्या कंपनीच्या, किती फुटी हौद्यावर बसत होता ते विचारा, कारण पकडायचे क्लॅम्प आणि पाय सगळ्या हौद्यांना सारखे बसत नाहीत. रॅम्प पूर्ण ओढून त्याच्या सांध्यांचं वेल्डिंग बोटाने तपासा, बाजूच्या फळ्या आत-बाहेर करून पाहा, मागचे दिवे ट्रकच्या वायरिंगला जोडून लावून बघा. आणि विकणारा तयार असेल तर तुमची स्लेड घेऊनच जा आणि व्यवहार करण्यापूर्वी ती वर चढवून पाहा.