टाचणीची भोकं

रविवार, रात्री उशिरा

पार्सल आलं एकदाचं. आत 'कुंग-फू मंथली'चा अंक आणि विकणाऱ्याची चिठ्ठी: 'चारही कोपऱ्यांना टाचणीची भोकं आहेत, म्हणून स्वस्तात देतोय.' प्रामाणिक माणूस. मार्शल आर्ट्सची जुनी मासिकं जमवायला लागल्यापासून 'उत्तम स्थिती' या दोन शब्दांनी मला इतक्या वेळा गंडवलंय, की दोष आधी सांगणारा भेटला की मी लगेच पाघळतो.

हे मासिक म्हणजे मजेशीर प्रकरण. ब्रूस ली 20 जुलै 1973 ला गेला, त्यानंतर महिन्याभरात 'एंटर द ड्रॅगन' आला, आणि जो तो हवेत लाथा मारायला लागला. ही लाट लंडनमध्ये फेलिक्स डेनिसने बरोबर हेरली आणि 1974 मध्ये 'कुंग-फू मंथली' काढलं. हाच डेनिस 1971 साली 'ऑझ' मासिकाच्या अश्लीलतेच्या खटल्यात अडकला होता. झालेली शिक्षा पुढे अपिलात रद्द झाली. माणूस खमक्या! त्याने पानं बांधायच्या भानगडीत न पडता एकच मोठा कागद छापला आणि त्याच्या घड्या घातल्या. घडी उलगडत वाचत जायचं, पूर्ण उलगडलं की पाठीमागे भलामोठा ब्रूस ली. भिंतीवर लावलात की सगळा मजकूर भिंतीकडे. एक तर वाचा, नाहीतर बघा.

आता गंमत अशी, की कोरे करकरीत अंक ज्यांना मिळतात, त्यांना ते न लावलेले अंक मिळतात. कुणीतरी घेतले, ठेवले, विसरले. माझा मात्र लावलेला आहे. संध्याकाळी भिंगातून पाहिलं तर भोकं चार नव्हेत, सात निघाली. वरच्या डाव्या कोपऱ्यात तीन, खाली उजवीकडे दोन. म्हणजे पोस्टर निदान एकदा तरी काढून पुन्हा लावलं गेलं. खोली बदलली असेल, किंवा घरच्यांनी उतरवायला लावलं असेल. एका कडेला सेलोटेपचा तपकिरी डाग आहे, तो काही जाणार नाही. सेलोटेप हा संग्राहकांचा खरा शत्रू, वाळवी परवडली.

'ब्लॅक बेल्ट'चे अंक त्या मानाने शहाण्या मुलांसारखे. मितो उयेहारांनी 1961 मध्ये कॅलिफोर्नियात सुरू केलेलं हे मासिक. सप्टेंबर 1971 च्या अंकात ब्रूस लीचा तो लेख आहे, ज्यात तो पारंपरिक कराटेच्या चौकटीतून बाहेर पडा म्हणतो. जुने अंक गूगल बुक्सवर फुकट वाचता येतात, त्यामुळे 'मग कागद कशाला जमवतोस?' हा प्रश्न मला ठरलेला. याचं धड उत्तर मला आजवर देता आलं नव्हतं.

आज कपाटातला सत्तरच्या दशकातला एक अंक पुन्हा काढला. त्यात एका पानाचा खालचा कोपरा कात्रीने नीट कापून नेलाय. तिथे टपालाने माल मागवायचं कूपन होतं: गणवेश, नानचाकू, असलं काहीतरी. मागच्या बाजूच्या लेखातली आठ-दहा वाक्यं त्याच्याबरोबर गेली. घेतला तेव्हा मी चिडलो होतो, फसवलं म्हणून. स्कॅनमध्ये ते पान अख्खं दिसतं, लेख पूर्ण वाचता येतो. पण कुणीतरी ते कूपन भरून पाकिटात घातलं आणि मग रोज टपालाची वाट पाहिली, हे फक्त माझ्याच प्रतीत आहे.

बाकी कामं नेहमीचीच. दोन अंकांच्या पिना गंजल्यात, त्या नखाने हळूच सरळ करून काढायला हव्यात. पीव्हीसीची जुनी पाकिटं कागदाला चिकटायला लागलीत. ती फेकून पॉलिप्रॉपिलीनची आणायची, आत आम्लरहित पुठ्ठा. स्वस्त कागदातलं लिग्निन, म्हणजे लाकडातून आलेलं द्रव्य, पिवळं पडायचं ते पडणारच, निदान उन्हापासून तरी लांब ठेवू.

नवा अंक मात्र अजून पाकिटात गेलेला नाही. अख्ख्या पलंगावर ब्रूस ली पसरलाय. घडी घातली की मधल्या रेघेवरची शाई थोडी अजून उडते, म्हणून हात लावत नाहीये. आज गादी खाली जमिनीवर.