कोकणातल्या वाटांसाठी अप्रोच शूज

अप्रोच शूज हा ट्रेकिंगचे बूट आणि क्लाइंबिंग शूज यांच्या मधला प्रकार. रानातली काही तासांची चाल व्हावी आणि पुढे सोपा कातळटप्पा आला तर बूट न बदलता तोही चढता यावा, एवढ्यासाठी तो बनतो. खेड तालुक्यातल्या रसाळगड-सुमारगड-महिपतगड रांगेसाठी असाच बूट हवा. पण दुकानातले सल्ले बहुतेक कोरड्या, थंड डोंगरांसाठीचे असतात. कोकणच्या दमट हवेत ते लागू पडत नाहीत.

आधी मिडसोल बघा. तळव्याखालचा हा फोमचा थर पीयू (पॉलियुरेथेन) किंवा ईव्हीए (एथिलीन व्हिनाइल ॲसिटेट) या दोन प्लास्टिक फोमांपैकी कशाचा तरी असतो. पीयू लवकर दबत नाही, म्हणून जड बुटांत तो वापरतात. पण हवेतल्या ओलाव्याने तो आतून विघटित होतो. न वापरता खोक्यात बंद ठेवलेल्या बुटांची गत जास्त वाईट. बाहेरून नवेकोरे दिसतात आणि गडाच्या अर्ध्या वाटेवर सोल केकसारखा चुरा होऊन गळून पडतो. दोन्ही बूट एकाच वयाचे, त्यामुळे दुसराही फार वेळ टिकत नाही. सवलतीत मिळणारा जुना माल घेताना लेबलवर उत्पादनाचा महिना असेल तर तो वाचा. मिडसोलवर अंगठ्याने जोरात दाबा. बारीक भेगा उमटल्या किंवा बोटाला चिकट लागलं, तर बूट तिथेच ठेवा. कोकणात राहणाऱ्याने सरळ ईव्हीए घ्यावा. तो कालांतराने दबतो, पण असा अचानक दगा देत नाही.

आता बूट उलटा करा. अंगठ्याखाली सपाट, बिनगुट्ट्यांचा रबर असतो; गुट्ट्या म्हणजे तळाला पकडीसाठी असलेले रबराचे उंचवटे. कातळातल्या लहान खाचेवर उभं राहायचं ते याच कडेवर. दुकानातल्या पायरीच्या कडेवर फक्त चवडा टेकून उभे राहा. सोल वाकून टाच खाली गेली तर तो बूट चढाईला मऊ आहे. मागच्या गुट्ट्या बुटक्या असतील तर कातळावर उत्तम, पण पावसाळ्यातली लाल माती त्यांच्यात भरून बसते आणि उतारावर पाय सटकतो. जून ते सप्टेंबर फिरणाऱ्याने चार-पाच मिलिमीटर खोल, एकमेकींपासून लांब असलेल्या गुट्ट्या बघाव्यात.

मऊ रबर कातळाच्या खरखरीत दबून बसतो म्हणून पकड देतो, आणि त्याच मऊपणामुळे झिजतोही लवकर. सड्यावरचा जांभा आणि डांबरी रस्ता दोन्ही त्याचे वैरी. पायथ्याच्या गावापर्यंत साध्या चपला वापरा. शेवाळलेल्या कातळावर मात्र महागातला महाग रबरही धरत नाही, कारण दगड आणि रबर यांच्यामध्ये बुळबुळीत थर असतो. ओहोटीला अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जाताना हिरवे खडक टाळा, आणि कालवं चिकटलेलेही. त्यांच्या धारेने बुटाची कड कापली जाते.

वॉटरप्रूफ घेऊ नका. इथलं पाणी पायावरून ओघळत वरूनच बुटात शिरतं आणि अस्तर त्याला बाहेर जाऊ देत नाही. पाय तासन् तास भिजून फोड येतात. जाळीचा, पुढे रबराची पट्टी असलेला बूट चालता चालता निथळतो. अस्सल चामड्याला तर पावसाळ्यात बुरशी धरते.

माप संध्याकाळी, पाय सुजलेले असताना, नेहमीचे मोजे घालून घ्या. नाडी सैल करून पाय पुढे सरकवा; टाचेमागे एक बोट मावायला हवं. चढाईच्या मोहाने घट्ट बूट घेतला, तर घाटवाट उतरताना अंगठ्याची नखं काळी पडतात. नाडी थेट बोटांपर्यंत जाणारी असावी, म्हणजे चालताना सैल आणि कातळावर घट्ट करता येते.

खाऱ्या पाण्यात भिजले की त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, आतली गादी काढा, वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवा. चुलीजवळ ठेवलेत तर उष्णतेने गोंद सुटतो. सोल उघडू लागला की मोच्याकडून नायलॉनच्या दोऱ्याने कडेने शिवून घ्या, फक्त अंगठ्याखालचा सपाट भाग सोडून. तिथला दोरा कातळावर घासून पहिल्याच चढाईत तुटतो.