योसेफाने घरी निरोप का नाही धाडला?

रविवार, दुपारी

फळ्यावर आज एकाखाली एक आकडे होते. १७, ३०, ७, २. रेघ मारून खाली ३९, आणि बाजूला गोल करून २२. आमच्या चर्चच्या मंडळीतले एक काका दारातून डोकावले आणि म्हणाले, "गणिताची शिकवणी का?" म्हटलं, नाही काका, बायबलमधला योसेफ चालू आहे.

दहा ते बारा या वयाच्या पोरांचं करायचं काय, हा आमच्या शब्बाथ शाळेतला, म्हणजे रविवारच्या बायबलच्या वर्गातला, जुना तिढा. रंगवायला योसेफाचा झगा दिला की तोंडं वाकडी होतात. तरुण संघात पाठवावं तर तिथले दादा-ताई यांना दाराशी उभं करत नाहीत. त्यातून गोष्टी सगळ्या पाठ. बोलायला लागल्यापासून योना, दानीएल, दावीद ऐकतायत. मी तोंड उघडायच्या आत "टीचर, ये तो पता है" येतं. ही इंदुरी पोरं, शाळा इंग्रजी, गल्ली हिंदी, मराठी फक्त घरात आणि आमच्या वर्गात.

म्हणून सध्या मी गोष्ट सांगतच नाही. पवित्र शास्त्र उघडायचं, पाळीपाळीने दोन-दोन वचनं वाचायची, आणि मजकुरात आकडा आला की कोणीतरी उठून फळ्यावर लिहायचा. आकड्यांची या वयाला भारी हौस. कुठल्या फोनची किंमत किती, कोणाचा स्ट्राइक रेट किती, सगळं तोंडावर.

तर बायबलचं पहिलं पुस्तक उत्पत्ती, अध्याय ३७. योसेफ सतरा वर्षांचा. भावांनी त्याला कोरड्या खड्ड्यात टाकलं आणि ते जेवायला बसले. हे वाक्य वाचलं आणि वाचणारीच थांबली. "जेवायला?" चित्रांच्या पुस्तकात हे कधी नसतं ना. खड्ड्यातून आवाज येत असेल का, त्यांना घास कसा गेला, यावर पाच मिनिटं गेली, मी जाऊ दिली. मग त्याला विकून मिळालेली रुप्याची वीस नाणी. वाटणी करायला बसले. दहा भावांत दोन-दोन, पण थोरला रऊबेन तर तेव्हा तिथे नव्हता, तो नंतर खड्ड्याशी आला. मग नऊ जण. "वीसला नवाने भाग जात नाही टीचर, भांडण झालं असणार." झालंही असेल.

पुढचे अध्याय पळतच घेतले. मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या राजापुढे, फारोपुढे उभा राहिला तेव्हा तीस वर्षांचा. मग सात वर्षं सुकाळाची, आणि भावांना ओळख दिली तेव्हा दुष्काळाची दोन सरली होती. एकोणचाळीस. म्हणजे घर सुटून बावीस वर्षं. इथे आमचा चष्मेवाला, जो एरवी खिडकीतून बाहेर बघत असतो, एकदम म्हणाला, "पहिली तेरा सोडा, तो गुलाम होता, जेलमध्ये होता. पण नंतरची नऊ? मिसर देशाचा नंबर दोन माणूस. रथ आहे, नोकर आहेत. घरी एक निरोप नाही पाठवला?"

वर्ग गप्प. मीही गप्प राहिले, कारण उत्तर लगेच दिलं असतं तर प्रश्न तिथेच मेला असता. घंटा झाली. "पुढच्या रविवारी" एवढंच म्हणाले.

बुधवार, रात्री

प्रश्न डोक्यातून जाईना. आज बँकेतून आल्यावर नकाशा काढून बसले. योसेफाचं घर होतं त्या हेब्रोनापासून नाईलच्या मुखाकडचा प्रदेश सरळ रेषेत तीनशे किलोमीटरच्या आसपास. आपण इंदूरहून भोपाळला जाऊन परत आलो तर त्याहून जास्त होतं. आणि रस्ता वाहता होता. योसेफाला नेलं तेच मुळी गिलादहून मसाले घेऊन मिसरला निघालेल्या इश्माएली व्यापाऱ्यांनी. उंटवाल्याच्या हाती चिठ्ठी देणं अवघड नव्हतं.

टीकाग्रंथ चाळताना मजा सापडली. तेराव्या शतकात स्पेनमधल्या जिरोनाचे यहूदी पंडित नाहमानिदेस यांनी अगदी हेच विचारून ठेवलंय. हेब्रोन ते मिसर सहा दिवसांची वाट, आणि वर्षभराची असती तरी बापाला कळवायला नको होतं का? आमच्या चष्मेवाल्याला आठशे वर्षांपूर्वीचा जोडीदार मिळाला. त्यांचं उत्तर असं, की स्वप्नं पुरी व्हायची होती, अकराच्या अकरा भावांनी येऊन नमायचं होतं, तोवर योसेफ थांबला. मला हे फारसं पटलं नाही. आमच्या वर्गाला तर मुळीच पटणार नाही.

तेवढ्यात अक्कांचा फोन. अक्कांनी आमच्या मंडळीत दोन पिढ्या शिकवल्या, फ्लॅनेलच्या फळ्यावर चित्रं चिकटवून. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांच्या आया त्यांच्याच हाताखालच्या. "अगं, काय चाललंय तुझं? एका आईने विचारलं मला. मुलगा घरी म्हणतोय, योसेफानं बापाला का नाही कळवलं, तो काय चांगला माणूस का? ही काय शिकवण झाली?"

म्हटलं, अक्का, गेल्या वर्षभरात या मुलाने शब्बाथ शाळेतली एक तरी गोष्ट घरी काढली होती का?

"ते खरं. पण लेकरांना प्रश्नात सोडून घरी धाडू नये. शेवटी गाठ मारून द्यावी. देवाने वाइटाचं चांगलं केलं, क्षमा करा, झालं."

अक्का चूक नाहीत. सात वर्षांच्या पोराला गाठ मारूनच द्यावी लागते, नाहीतर रात्री त्याला तो खड्डा दिसतो. पण अकराव्या वर्षी पोरांना गाठ आयती दिली की ती बघतही नाहीत, स्वतः सोडायला दिली तर दोन रविवार पुरते. क्षमेचं वचन त्यांना मुखपाठ आहे. ती क्षमा करताना योसेफाला किती यातना झाल्या, हे कोणी दाखवलेलं नाही. रंगवायच्या कागदावर तर तो कायम हसरा. उत्पत्तीतला योसेफ रडतो, आणि किती वेळा! खोलीत जाऊन रडतो, तोंड धुऊन बाहेर येतो. बारा वर्षांच्या मुलाला दार लावून रडणं चांगलं कळतं.

एवढं सगळं अक्कांना बोलले नाही. "बघते" म्हणाले.

(रॉबर्ट राइक्स आठवले उगाच. १७८० मध्ये इंग्लंडात ग्लॉस्टरला त्यांनी रविवारची शाळा काढली ती आठवडाभर कामाला जुंपलेल्या गरिबांच्या मुलांसाठी. तिथल्या टाचण्यांच्या कारखान्यांत ही एवढाली पोरं राबायची. रविवार तेवढा मोकळा, म्हणून त्या दिवशी वाचायला शिकवायचं. आमची सहावीतली पोरं शाळा, मग भंवरकुआंकडचं 'फाउंडेशन' कोचिंग, मग होमवर्क. आठवड्यात कोणी उत्तर न मागता प्रश्न विचारू देईल असा त्यांनाही रविवारच.)

शनिवार, रात्री

उद्याची तयारी. तयारी म्हणजे काय, उत्पत्ती ४४ परत परत वाचला (दुष्काळात धान्य न्यायला आलेल्या भावांना ओळख न देता योसेफ धाकट्या बन्यामीनाच्या गोणीत आपला चांदीचा प्याला लपवायला लावतो, आणि मग झडती) आणि सासूबाईंची चांदीची वाटी शोधली. यांनी विचारलं, "वाटी कशाला?" म्हटलं, चोरीचा आळ घालायचाय. पुढे काही विचारलं नाही त्यांनी, सवय झालीय.

साहित्याबद्दल माझं मत हळूहळू पक्कं होत चाललंय. या वयाला वस्तू एकच हवी आणि खरी हवी. थर्माकोलचे पिरॅमिड, सोनेरी कागदाचे मुकुट बघून हसतात, आणि ते बरोबरच आहे. खरी चांदीची वाटी हातात दिली की आवाज आपोआप खाली येतो.

मराठी वाचनाचं काय करायचं तेही ठरवलं. आमची मराठी घरं बहुतेक नगर-जालन्याकडून नोकरीपायी आलेली. इथली मूळ मंडळी कॅनेडियन मिशनची, १८७७ पासूनची, उपासना हिंदीत. त्यामुळे पोरांना देवनागरी येते पण मराठी वाचताना अडखळतात, आणि एकटं अडखळायची लाज वाटते. दोघादोघांनी मिळून वाचायचं. एकाने अडखळलं की दुसऱ्याने उचलायचं.

रविवार, रात्री

पोहे झाल्यावर (आज जीरावन मसाला जरा जास्तच, पण कोणी तक्रार केली नाही) सगळ्यांच्या पाठीवरच्या बॅगा भिंतीशी मांडायला लावल्या, वयाच्या क्रमाने, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. सगळे पाणी प्यायला गेले तेव्हा वाटी धाकट्याच्या बॅगेत, कंपासखाली सरकवली.

मग झडती. शास्त्रात आहे तशीच, थोरल्यापासून सुरुवात. पहिली बॅग उघडली, सगळे हसले. दुसरी, तिसरी, कोणाच्या बॅगेत कुरकुरे निघाले, कोणाच्या बॅगेत गेल्या सत्राची गुणपत्रिका. पाचव्या बॅगेपासून हसणं कमी झालं. शेवटच्या बॅगेशी आले तेव्हा धाकट्याने दोन्ही हात बॅगेवर ठेवले. खेळ आहे हे त्याला ठाऊक होतं, तरी कान लाल. वाटी निघाली आणि तो म्हणाला, "मैंने नहीं रखी, सच्ची." वर्गातल्या जुळ्या बहिणींतल्या थोरलीने त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि माझ्याकडे असं बघितलं की मीच मिसरची अधिकारी.

त्याच दमात योसेफाचा भाऊ यहूदा याचं भाषण काढलं, ४४ व्या अध्यायाच्या शेवटापर्यंतचं. दोन पानं सलग बोलतो यहूदा, आणि दर वाक्यागणिक बाप. बाप आला की बोट दुमडायचं असं सांगितलं होतं. मोजणीत एकमत झालं नाही, ते जाऊ दे. हाच यहूदा, ज्याने योसेफाला विकायची कल्पना काढली, तो आता म्हणतोय, या पोराऐवजी, बन्यामीनाऐवजी, मला गुलाम करा.

चष्मेवाला आणि जुळ्यांतली धाकटी मिळून वाचत होते. यहूदा बापाचे शब्द सांगतो, की एक गेला तो गेलाच, जनावराने फाडून टाकला असेल, तिथे धाकटी थांबली. "एक मिनिट. भावांनी झग्याला रक्त लावून बाबांना दाखवलं हे आपल्याला माहितीय. योसेफला कुठे माहितीय? तो तर तेव्हा उंटावर."

मी खडू खाली ठेवला.

"आणि बाबांनीच पाठवलं होतं त्याला भावांकडे," थोरली म्हणाली. "स्वप्न सांगितलं तेव्हा बाबा रागावले पण होते. मग पकडलं. मग कोणी शोधायला नाही आलं. बावीस वर्षं कोणीच नाही. त्याला वाटलं असेल बाबा पण मिळालेले."

मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. नाहमानिदेसना जे सुचलं नाही ते या पोरीला सुचलं म्हणून नव्हे. अलीकडच्या काही अभ्यासकांनीही असं मांडलंय म्हणे. पण ती पुस्तकं हिने वाचलेली नाहीत. हिने बॅगेवर हात ठेवलेला तो मुलगा बघितला होता. आणि त्या घराण्यात मुलाला घराबाहेर काढल्याची गोष्ट होतीच की, पणजोबा अब्राहामाने इश्माएलाला पाणी-भाकर देऊन वाटेला लावलं होतं.

"पुढचं वाच," म्हटलं. ४५. योसेफाला आवरेना, सगळ्यांना बाहेर काढलं, इतक्या मोठ्याने रडला की फारोच्या घरापर्यंत ऐकू गेलं. आणि पहिला प्रश्न, माझा बाप अजून जिवंत आहे काय? बाप जिवंत आहे हे तर यहूदा आत्ताच इतक्या वेळा सांगून चुकला. तरी विचारतो. का विचारतो, हे आज कोणालाच समजावून द्यावं लागलं नाही.

वाटलं, झालं, जमलं. तर चष्मेवाला मागची पानं उलटत बसलेला. "पण टीचर, ४२ मध्ये भाऊ पहिल्यांदा आले तेव्हाच म्हणाले, एक भाऊ नाहीसा झाला. तेव्हाच समजायला पाहिजे होतं, घरी काहीतरी वेगळं सांगितलंय म्हणून. आणि मुलाचं नाव मनश्शे ठेवलं तेव्हा म्हणतो, देवाने मला बापाच्या घराचा विसर पाडला. मतलब त्याला विसरायचंच होतं."

थोरली चिडली. "तुला काय, तुझ्याशी कोणी असं केलं नाही."

"मी फक्त म्हणतोय."

दोघंही शास्त्राला धरून बोलत होते, अध्याय-वचनासकट. मी पंच व्हायचं नाकारलं. प्रार्थना त्या धाकट्याला करायला सांगितली. त्याने देवाकडे मागितलं की ज्यांच्यावर खोटा आळ येतो त्यांच्या बाजूने कोणीतरी बोलू दे. मुखपाठ राहूनच गेला.

घरी आल्यावर अक्कांना फोन केला, सगळं सांगितलं. बराच वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्या भावांनी मग बापाला झग्याचं खरं सांगितलं का गं कधी?" म्हटलं, लिहिलेलं नाही अक्का. पन्नासाव्या अध्यायात बाप गेल्यावर भाऊ परत घाबरतात आणि योसेफाला निरोप पाठवतात, की बाबा मरताना सांगून गेलेत, भावांना क्षमा कर. बाबांनी असं म्हटल्याचं मात्र आधी कुठेच नाही.

"म्हणजे परत थाप?"

"पुढच्या रविवारी तेच काढणार आहे."

"मी येते बसायला. पण शेवटी गाठ मी मारणार."

मारा म्हटलं. फक्त पोरांचं बोलून झाल्यावर.