ओरडत कोण होतं?

आज दुपारी आत्या आली तेव्हा पुतण्या सोफ्यावर लोळून मोबाइलवर बीजीएमआय, म्हणजे पबजीचा भारतीय अवतार, खेळत होता. "अरे रिव्हाइव्ह दे ना, आंधळा आहेस का!" अशी त्याची बोंबाबोंब. आत्याचा निकाल तयारच, "हे गोळीबाराचे खेळ खेळूनच पोरं हाताबाहेर जातात."

मी जुना पबजीवाला. लगेच तावातावाने सुरू झालो. २०१९ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या १४-१५ वर्षांच्या साधारण हजार मुलांना तपासलं, पालकांनाही विचारलं, हिंसक गेम आणि आक्रमक वागण्याचा संबंध सापडला नाही. त्याच वर्षी राजकोटमध्ये मात्र नुसतं पबजी खेळतात म्हणून पोरांना पोलिसांनी उचललं! आणि पबजीवरची २०२० ची बंदी? ती डेटा आणि देशाच्या सुरक्षेच्या कारणाने, मारामारीच्या नव्हे.

आत्या शांतपणे म्हणाली, "बरं. पण तू ओरडतोयस कशाला?"

काय बोलणार! अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये म्हटलंय की गंभीर हिंसेशी नातं जोडायला पुरेसा पुरावा नाही, पण आरडाओरडा, ढकलाढकलीशी थोडा संबंध दिसतो. हा दुसरा भाग मी सोयीस्करपणे गिळला होता.

आम्हा गेमर लोकांचं हेच. कुणी शंका काढली की तो 'नूब', म्हणजे काही न कळणारा नवशिका. माझी एक मैत्रीण माझ्यापेक्षा भारी खेळते, पण माइक कायम बंद ठेवते. मुलीचा आवाज ऐकला की काय सुरू होतं, ते मीही ऐकलंय. आणि गप्प बसलोय.

तेवढ्यात पुतण्या डाव जिंकला आणि किंचाळला, "चिकन डिनर!"

आत्या म्हणाली, "आज चतुर्थी आहे रे मेल्या."